घाट उतरून चवदार तळ्याकडे

पौर्णिमेची वंदना झाली, खीर वाटून झाली, तरी आमच्या वस्तीतील मोठी मुले लगेच घरी जात नाहीत. विहाराच्या पायऱ्यांवर बसून राहतात. अशाच एका पौर्णिमेला त्यांच्यातल्या एकाने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. मुलगा बारावी झालेला, किराणा दुकानाचे सामान सायकलवरून घरोघर पोचवतो. चित्रफितीत गर्द झाडीच्या डोंगरावरून एक माणूस सायकलवर सुसाट खाली येत होता. मातीची वाट, मध्येच लाकडी पूल, वळणावर भिंतीसारखी उचललेली माती. बघता बघता माझ्याच पोटात गोळा आला.

“काका, ही सायकलींची बाग आहे. पाळण्यात बसून डोंगरावर जायचं, सायकलपण पाळण्याला टांगायची, आणि सायकलवरून खाली यायचं. चढायचंच नाही! आपण जायचं का?”

बाकीची मुले हसली. “तुझ्या खानदानात विमान कुणी आतून बघितलंय का?” असे कोणीतरी म्हणाले. पोरगा ओशाळला आणि मोबाईल खिशात घालू लागला. मला मात्र हसू आले नाही. वीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला एक खोड लागते. अर्ज कितीही अचाट असो, वाचल्याशिवाय बाजूला टाकायचा नाही. मी त्याला म्हटले, “पुढच्या रविवारी सगळी माहिती कागदावर लिहून आण. कुठे आहे, किती उंच आहे, काय काय लागतं, खर्च किती. मग बोलू.”

तो खरोखर दोन पाने लिहून घेऊन आला. अक्षर गिचमिड, पण माहिती नीट जमवलेली. कॅनडाच्या पश्चिमेला ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिस्लर नावाचे गाव आहे, व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर. हिवाळ्यात तिथे बर्फावरून घसरण्याचा खेळ चालतो आणि त्यासाठी डोंगरावर जाणारे पाळणे आहेत. उन्हाळ्यात बर्फ वितळले की त्याच डोंगरावर सायकलवाले येतात. १९९९ पासून तिथे सायकलींचे उद्यान रीतसर चालू आहे. वाटांना खुणा ठरलेल्या. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मधली, शंकरपाळ्यासारखी काळी खूण म्हणजे अवघड, आणि अशा दोन काळ्या खुणा असल्या तर नवख्याने तिकडे फिरकायचेही नाही. डोके आणि हनुवटी दोन्ही झाकणारे हेल्मेट, गुडघ्याला आणि कोपराला पॅड. पायथ्यापासून पाळण्याच्या शेवटच्या टोकापर्यंत उंचीचा फरक सुमारे १,५०० मीटर.

दुसऱ्या पानावर तळाशी त्याने एक ओळ लिहिली होती. ती जमीन मुळात स्क्वॉमिश आणि लिल्वाट या तिथल्या मूळच्या लोकांची आहे आणि २००८ मध्ये त्यांनी त्याच गावात आपले सांस्कृतिक केंद्र उभे केले. ही ओळ लिहायला त्याला कोणी सांगितले नव्हते. पायऱ्यांवर उगीच बसत नाहीत ही मुले, एवढे मला कळले.

या खेळाचा उगम वाचून तर मी चकितच झालो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, मोडीत निघालेल्या सायकली घेऊन डोंगराची कच्ची वाट उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. वाट सुमारे तीन किलोमीटरची, उतार ४०० मीटरांचा. त्या सायकलींना ब्रेक होता तो मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबले की लागणारा. खाली येईपर्यंत हब एवढा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक खेपेनंतर हब खोलून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत त्याला ‘रीपॅक’ करणे म्हणतात. त्या वाटेचेही नाव ‘रीपॅक’ पडले, आणि आज लाखांच्या घरात किंमत गेलेल्या डोंगरी सायकली तिथूनच निघाल्या. मुलांना मी हे वाचून दाखवले तेव्हा आमच्याकडच्या भंगारवाल्याच्या मुलाची कॉलर ताठ झाली.

मग हिशेब. पासपोर्ट, व्हिसा, विमान, तिथे राहणे, पाळण्याचे तिकीट, सायकलचे आणि हेल्मेटचे भाडे. बी.कॉम. होऊन आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांच्या बेरजा केल्या, पण ही बेरीज करताना माझाच हात थबकला. त्याला नाही म्हणालो नाही. कागदावर ‘प्रकरण प्रलंबित’ असा शेरा मारला. तू नाही तर तुझी मुलगी जाईल, कागद सांभाळून ठेव, म्हणालो.

कागद खिशात घालण्यापूर्वी मात्र त्याला एक प्रश्न विचारला. “व्हिस्लरचा उतार १,५०० मीटर. आपलं महाबळेश्वर किती उंच?” कोणालाच सांगता येईना. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे, आणि तिथून पश्चिमेला घाट उतरला की चाळीस किलोमीटरवर पोलादपूर. ते जवळजवळ कोकणच्या तळालाच. म्हणजे कॅनडात जेवढी उंची मुले उतरतात, जवळपास तेवढी आपला आंबेनळी घाट आपल्याला फुकट उतरवतो.

“आणि पोलादपूरच्या पुढं?” एकाने विचारले.

वंदनेला आलेल्या एक आजी पायरीवर चपला शोधत होत्या. त्याच म्हणाल्या, “पुढं महाड की रं. चवदार तळं. आम्ही टेम्पोत बसून गेलो होतो त्याच घाटानं. माझ्या पोटात नुसतं ढवळत होतं.”

बोलणे तिथेच ठरले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. वस्तीतून त्या दिवशी बसगाड्या जाणारच आहेत. मुले सायकलींनी जातील.

वाचकांची फसवणूक नको म्हणून आधीच सांगतो. घाट म्हणजे ती बाग नव्हे. तिथल्या वाटा फक्त सायकलींच्या आणि एकाच दिशेच्या असतात, समोरून काही येत नाही. आपल्याकडे वळणावर एसटी येते, मालाचा ट्रक येतो, महाबळेश्वर बघून झिंगलेला पर्यटक येतो. बागेत पडले तर माती लागते, इथे डांबर लागते, आणि त्याच्या पलीकडे दरी. २८ जुलै २०१८ रोजी याच आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि ३० माणसे गेली. तेव्हा जायचे तर पाहणी केल्याशिवाय नाही, असे मी सुरुवातीलाच बजावले.

जानेवारीत आम्ही तिघे दोन मोटारसायकलींवर पाहणीला गेलो. महाबळेश्वरचा बाजार मागे पडला की रस्ता दाट झाडीत शिरतो. सकाळी नऊपर्यंत या भागात ऊन रस्त्यावर पोचतच नाही. पाने ओली, कडेला शेवाळ. मोटारसायकलला त्याचे काही वाटत नाही, पण सायकलच्या टायरला ते साबणासारखे. पहिला उतार कुंभरोशीपर्यंतचा. तिथे प्रतापगडाचा फाटा आहे, चहाच्या टपऱ्या आहेत आणि गडावर जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ आहे. मुले गडावर जायचा हट्ट धरतील हे मला माहीत आहे. शिवरायांचा गड आहे, बघायलाच हवा, पण त्या दिवशी नाही. पायातली ताकद आणि ब्रेकवरचे लक्ष दोन्ही पुढच्या उतारासाठी राखायचे आहे.

कुंभरोशीच्या पुढचा उतार पोलादपूरचा. इथे झाडी विरळ होते आणि सावित्रीचे खोरे एकदम समोर उघडते. ही सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगवते, पोलादपुराजवळून वाहत महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. आम्ही एका कठड्याशी थांबून खाली पाहिले. रस्ता एकाखाली एक असा चार ठिकाणी दिसत होता. आमच्यातला जो मित्र गॅरेजमध्ये काम करतो तो म्हणाला, “साहेब, इथे ब्रेक गेला तर खालच्या रस्त्यावर टेलिफोन न करता पोचाल.” आम्ही हसलो, पण कठड्यापासून दोन पावले मागेही सरकलो.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट जागोजागी तुटला होता. वाटेत सबंध धोक्याची जागा आली की मी वहीत फुली मारत होतो. वळणावर पसरलेली बारीक खडी, तुटका कठडा, समोरचे न दिसणारे वळण, झाडाखालची ओल. पोलादपूरला पोचेपर्यंत ३१ फुल्या झाल्या. त्या सगळ्यांचा एक तक्ता करून विहाराच्या फलकावर लावला आहे, कितव्या किलोमीटरला काय, असा. मुले त्याला ‘काकांची कुंडली’ म्हणतात. म्हणू देत.

पोलादपूर ते महाड हे अठरा-वीस किलोमीटर मुंबई-गोवा महामार्गाचे. त्या टप्प्यात सायकल चालवायची नाही, हे मी एकट्याने ठरवले आणि त्यावर चर्चा होऊ दिली नाही. ट्रकची वाहतूक मोठी, ऊन मार्चचे, उतार संपल्यावर अंगातले त्राण गेलेले. सायकली टेम्पोत चढवायच्या आणि महाडच्या वेशीवर उतरवायच्या. तिथून तळ्यापर्यंत कोणी सायकलवर बसायचे नाही. हातात धरून, रांगेने चालत जायचे. १९२७ ला परिषदेचे लोक चवदार तळ्यावर रांगेनेच चालत गेले होते.

त्या परिषदेच्या जमाखर्चातली एक बाब मला कारकून म्हणून कधी विसरता आलेली नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. त्याआधी १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झालेला. कागद दोन्हीकडे तयार होते. तरीही मार्च १९२७ मध्ये परिषदेला जमलेल्या आपल्या माणसांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे शेजारी, ठराव दप्तरात, आणि पाणी विकतचे! नंतर बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि माघारी फिरणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. वरिष्ठ जातींनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. प्रकरण कोर्टात गेले ते १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे चालले. आमच्या सहलीच्या अंदाजपत्रकात पाण्याची बाब मी मुद्दाम सर्वांत वर लिहिली आहे. प्रत्येकी तीन लिटर, घरून भरून.

मुलांचे ठरले, पण आया कुठे ऐकतात? विहारात त्यांची वेगळी सभा घ्यावी लागली. महाड म्हटले की त्यांना २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेलेला सावित्रीचा पूल आठवतो. पुढच्याच वर्षी तिथे नवा पूल झाला हे मी सांगितले. मार्चमध्ये नदीला पूर नसतो हेही सांगितले. धुणीभांडी करणाऱ्या एक वहिनी उठल्या. म्हणाल्या, “भाऊजी, पोराची सायकल मी हप्त्यावर घेतली. पोरगं काही हप्त्यावर मिळत नाही.” यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

सभेला माझ्या वडिलांच्या वयाचे एक बाबा आले होते. त्यांना ऐकू कमी येते. विषय सायकलचा आहे एवढे कळल्यावर ते बोलू लागले. त्यांच्या तरुणपणी त्यांनी मिलच्या पगारातून सायकल घेतली आणि सुट्टीत गावी नेली. पाटलाच्या वाड्यावरून जाताना आपल्या माणसाने सायकलवरून उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे, अशी गावाची रीत. एकदा ते उतरले नाहीत. पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, फक्त सायकल परत मुंबईला कशी आणली ते सांगितले, चाक खांद्यावर घेऊन. शेवटी म्हणाले, “आम्हाला सपाट रस्त्यावर उतरावं लागलं. पोरं उतारावर बसून जातायत तर जाऊ द्या. पण नीट शिकवा.”

त्या ‘नीट शिकवा’वरून मला चाळीसगाव आठवले आणि मी ते सभेत सांगितले. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावरून परतताना चाळीसगावला उतरले. आपली माणसे त्यांना वस्तीवर नेण्यासाठी स्टेशनवर आली होती. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. महाराचा टांगा हाकणे त्याला कमीपणाचे वाटत होते. अखेर तोड निघाली ती अशी की टांगा मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतले. बिचाऱ्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. नदीच्या पुलावर चाक दगडाला धडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, टांगा घोड्यासकट खाली गेला. बाबासाहेबांनी स्वतः ही हकीकत लिहून ठेवली आहे. टांगेवाल्याला आपली प्रतिष्ठा एका माणसाच्या जिवापेक्षा मोठी वाटली, ही बाजू आपण नेहमी सांगतो आणि ती सांगायलाच हवी. पण मला त्या लगाम धरणाऱ्या माणसाचीही आठवण येते. प्रेम होते, हिंमत होती, हात तयार नव्हता. ज्याला आयुष्यात कोणी टांग्यावर बसू दिले नाही त्याचा हात तयार होणार कसा? आमच्या मुलांना मात्र आज कोणी सायकलला हात लावू नको म्हणत नाही. मग हात तयार न करता त्यांना घाटात सोडले तर दोष कोणाचा?

सभेने परवानगी दिली, पण अटीवर. सहा महिने सराव, दर रविवारी. ज्याचा सराव कच्चा तो बसने येईल. आणि ज्यांची दहावी-बारावीची परीक्षा असेल तेही बसनेच.

या बाबतीत माझाही अनुभव आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही. एकोणीस वर्षांचा असताना मी एका मित्राला पुढे नळीवर बसवून दिवे घाट उतरत होतो, सासवडकडून हडपसरकडे. साधी काळी सायकल, सळीचे ब्रेक. आदल्याच दिवशी ब्रेकची नवी रबरे बसवून घेतली होती, म्हणून मी निर्धास्त. तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला आणि पुढचे रबर खाचेतून सुटून उडून गेले. रबर ज्या खाचेत बसते ती एका बाजूने उघडी असते. चाक फिरते त्या बाजूला तिचे बंद तोंड हवे, नाहीतर चाकच रबर ओढून काढते. बसवणाऱ्याने ती उलटी बसवली होती, आणि मी पाहिले नव्हते. मागच्या ब्रेकला काही ते वजन झेपेना. मी चप्पल टायरला लावून पाहिली, चप्पल गेली. शेवटी दरीच्या बाजूला न जाता डोंगराच्या बाजूच्या गटारात सायकल घातली. मित्राला खरचटले, माझा हात मोडला, दीड महिना प्लास्टर आणि कॉलेजची त्या वर्षीची परीक्षा हुकली. वर्ष वाया गेले ते एका उलट्या खाचेमुळे.

म्हणून सरावाच्या पहिल्या रविवारी कोणी सायकलवर बसलेच नाही. देहूरोडला जमलो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः जिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली त्या विहारात वंदना केली आणि बाहेर येऊन सगळ्या सायकली उलट्या उभ्या केल्या. चौदा सायकलींपैकी नऊंचे ब्रेक सदोष निघाले. तारेचे धागे तुटलेले, रबरे घासून चकचकीत झालेली, एकाच्या डिस्कला तेल लागलेले. साखळीला तेल घालताना त्याने हौसेने डिस्कलाही घातले होते! डिस्कला तेलाचा थेंबही लागता कामा नये, लागला तर ब्रेक नुसता घसरतो, हे त्याला ठाऊकच नव्हते. एका मुलाच्या सायकलला पुढचा ब्रेक नावालाही नव्हता. “काका, शहरात लागतच नाही,” हे त्याचे उत्तर.

त्यानंतरच्या रविवारी घोराडीच्या डोंगराच्या पायथ्याशी, शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत तिथल्या बाजूला, छोट्या उतारावर सराव सुरू झाला. गॅरेजवाला मित्र शिकवतो, मी शिट्टी वाजवतो. शिकवण साधी आहे. बसण्याची सीट थोडी खाली घ्यायची. वजन मागे ठेवायचे. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही. पुढचा ब्रेक एकट्याने करकचून दाबला तर सायकल माणसाला पुढे फेकते, आणि मागचा एकटाच दाबला तर चाक घसटत जाते, म्हणून दोन्ही बेताने. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. सतत घासून चाकाची कडी इतकी तापू शकते की आतली ट्यूब फुटते. दर तीन किलोमीटरला थांबायचे, रिमला लांबूनच हात दाखवून ऊब पाहायची. एकाने हात लावून पाहिला, त्याच्या बोटाला फोड आहे, आता तो सगळ्यांना समजावतो.

चौदा जणांत तीन मुली आहेत. त्यातल्या एकीचे वडील रिक्षा चालवतात. ते सुरुवातीला मला म्हणाले, “साहेब, तुमच्यावर विश्वास आहे, पण पोरीच्या जातीनं घाट कशाला उतरायचा?” मी वाद घातला नाही, त्यांना एका रविवारी सरावाला बोलावले. त्या दिवशी तीन मुलांच्या ट्यूब पंक्चर झाल्या आणि तिन्ही तिनेच काढल्या. रिक्षाचे पंक्चर बापाजवळ बसून शिकली होती. वडील लांब उभे राहून बघत होते. जाताना मला एवढेच म्हणाले, “तिच्या हेल्मेटचा पट्टा ढिला आहे, घट्ट करायला सांगा.” वर्गणी त्यांनी दुसऱ्याच दिवशी आणून दिली.

वर्गणी प्रत्येकी नऊशे रुपये ठरली आहे. टेम्पोचे भाडे, दोन वेळचे जेवण, औषधपेटी, जास्तीच्या ट्यूब आणि ब्रेकच्या तारा. हेल्मेट ज्याचे त्याचे. ज्यांना झेपत नाही अशा चौघांचे पैसे वस्तीतील नोकरदारांनी उचलले आहेत. नावे लिहायची नाहीत असे ठरले, म्हणून लिहीत नाही. पावत्या मात्र सगळ्यांना दिल्या आहेत.

दिवसाचाही बराच खल झाला. मुलांना २० तारखेलाच घाट उतरायचा होता. मी नको म्हटले. शताब्दीच्या दिवशी महाडकडे येणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर आपल्याच माणसांच्या गाड्यांची रीघ लागणार, त्यात आपली चौदा पोरे वळणावर सोडायची? १८ मार्चला गुरुवार आहे. महाबळेश्वरला पर्यटकांची गर्दी शनिवार-रविवारपेक्षा कमी. उजाडल्यावर, झाडीतली ओल थोडी सुकल्यावर निघायचे. सर्वांत पुढे गॅरेजवाला मित्र, त्याच्या पुढे कोणी जायचे नाही. सर्वांत मागे टेम्पो, आणि टेम्पोत मी. मुलांना हे फार गमतीचे वाटले. “काका, तुम्ही सायकलवर नाही?” दिवे घाटाची गोष्ट मी त्यांना दोनदा सांगितली.

१९ तारखेला महाडमध्ये स्वयंसेवकाचे काम. पाणी वाटणे, वाट दाखवणे, म्हाताऱ्या माणसांना हात देणे. २० ला तळ्यावर आणि क्रांतिस्तंभावर अभिवादन, मग बसने आलेल्या घरच्यांबरोबर परत. येताना सायकली टेम्पोत. घाट चढायचा हट्ट दोघांनी धरला आहे, त्याचा निर्णय झालेला नाही.

ज्यांना आपल्या वस्तीतून असाच बेत करायचा असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवण्याची वेळ येते, म्हणून निघण्याआधी पोलादपूर किंवा महाबळेश्वरच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. आणि पाहणी केल्याखेरीज कोणी मुलांना नेऊ नये. आमचा तक्ता हवा असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर लिहा, नक्कल करून पाठवू. फुल्या आमच्या वेळच्या आहेत, खडी त्यानंतर इकडची तिकडे गेली असेल, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनीही बघा.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता ब्रेकची दुसरी तपासणी आहे. सामान पोचवणाऱ्या त्या मुलाने, ज्याच्या दोन पानांवरून हे सगळे सुरू झाले, मागच्या ब्रेकची तार बदलून घेतली आहे. पुढचा ब्रेक पगार झाल्यावर बदलणार म्हणतो.